गच्चीवरची भिंत कुणी मागितली

चैत्र अर्धा उलटला की आमच्या ओळीतल्या कुठल्या तरी घरातून आंबूस वास येऊ लागतो. कुरडयांसाठी भिजत घातलेले गहू दोन-तीन दिवसांत असा वास धरतात की परका माणूस विचारतो, काही नासलंय का? पण ज्याच्या घरी कुरडया झाल्या आहेत, त्याच्या तोंडाला त्या वासानं पाणी सुटतं. गव्हाचा शिजवलेला चीक, पातेल्यातून थेट वाटीत. त्यावर दूध-साखर, नाहीतर नुसतं तूप आणि मीठ. मला तूप-मीठ आवडतं. सुमनला, माझ्या बायकोला, दूध-साखर.

यंदा हा वास ओळीच्या टोकाच्या घरातून आला. मी गच्चीवर मोगऱ्याला पाणी घालत होतो, सुमन कपडे वाळत घालत होती. आमच्या आणि शेजारच्या गच्चीमध्ये डोक्याच्या वर जाईल अशी विटांची भिंत आहे. त्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. शेजारी बिहारकडचं एक तरुण जोडपं भाड्यानं राहतं. तो कुरकुंभला कारखान्यात जातो, ती घरी असते. पिंकी तिचं नाव. बादली पालथी घालून ती तिच्यावर उभी राहिली होती.

"आंटी, इस दीवार की छाया में मेरा पापड़ सूखता ही नहीं. सुबह की सारी धूप खा जाती है. किसने बनवाई?"

सुमनचं हिंदी तिच्या माहेरच्या, न्हावरे गावच्या मराठीला चार हिंदी शब्द लावून होतं. ती म्हणाली, "वो पहिले रहती थी ना इधर, विमल. उसकोच पाहिजे थी."

"क्यों? झगड़ा हुआ था?"

"झगडा कायका? मैत्रीण थी मेरी. पर उसको पाहिजे थी."

एवढं बोलून तिनं माझा शर्ट झटकला आणि दोरीवर टाकला. माझ्या हातातली नळी तशीच राहिली. कुंडी भरली, पाणी गच्चीवर पसरलं, आणि एरवी थेंबाथेंबाचा हिशेब मागणारा मी ते नुसतं बघत राहिलो.

विमलताईंना ती भिंत नको होती. सुमनलाही नको होती. ती मी बांधली.

आमची ही घरं बांधली तेव्हा दौंडात रो हाऊस हा शब्द नवा होता. लोक 'ओळीतली घरं' म्हणायचे, अजूनही म्हणतात. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. पुढं स्कूटर मावेल एवढी जागा आणि एक फाटक. दोन घरांत एकच भिंत, तीही इतकी पातळ की शेजारचा कुकर झाला की सुमन आपला गॅस बारीक करायची. शिट्ट्या त्यांच्या मोजल्या की आपल्या, हे तिला कळायचं नाही. मग वरण कच्चं राहायचं आणि ती भिंतीला म्हणायची, "विमल, तुझ्यामुळं गं!" पलीकडून उत्तर यायचं, "मग माझ्याकडची घेऊन जा डाळ, वरडतीस कशाला!"

आमच्या उन्हाळ्यांची आठवण आली की मला पहिल्यांदा पाण्याचा आवाज आठवतो. संध्याकाळी पायऱ्यांवर बादलीनं पाणी मारायचं. तापलेली फरशी ते पिऊन टाकायची आणि गरम वाफ पायाला लागायची. मग चटई टाकून बसायचं. स्टेशनाकडून शंटिंगचा भोंगा यायचा, कुणाच्या तरी घरात फोडणीत मिरची जास्त झाल्यानं सगळी ओळ खोकायची. विमलताईंचे यजमान शंकरराव रेल्वेत होते. ते ड्युटीवरून येताना कलिंगड आणायचे, सुरी न घेता दगडी पायरीवर आपटून फोडायचे आणि म्हणायचे, "कापलेल्याला ही चव न्हाई." खरंच नसायची. आता आमच्याकडे फ्रिजमध्ये चौकोनी फोडी करून ठेवलेलं कलिंगड असतं. चांगलं असतं. थंड असतं.

पण त्या घराचा खरा जीव गच्चीवर होता. दोन गच्च्यांमध्ये तेव्हा गुडघाभर कठडा होता. सुमन आणि विमलताई तो साडी सावरून सहज ओलांडायच्या. सुमनच्या माहेरून, न्हावऱ्याहून, गहू यायचे. विमलताईंचं माहेर इनामगावचं, नदीकाठचं. फुलं, भाजीपाला करणारी माणसं. तिकडून वांगी, मिरच्या, गणपतीत झेंडू यायचा. कुरडया दोघींच्या मिळून व्हायच्या, कारण ते काम एकटीचं नाहीच. गहू वाटून, पिळून जो पांढरा चीक निघतो तो रात्रभर ठेवतात. सकाळी वरचं पाणी ओततात आणि खालचा घट्ट चीक उकळत्या पाण्यात सोडतात. एकीनं बारीक धारेनं सोडायचा, दुसरीनं दोन्ही हातांनी हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. विमलताई हाटायच्या. त्यांच्या दंडात ताकद होती. सुमन धार धरायची. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून जुन्या धुतलेल्या साडीवर गोल गोल कुरडया पाडायच्या आणि दिवसभर कावळे हाकत बसायचं.

पहिली वाटी शेजारी द्यायची, असा दोघींचा नेम होता. एकाच पातेल्यातला चीक, तरी सुमन वाटी भरून कठड्यापलीकडे द्यायची आणि विमलताई भरलेली वाटी कठड्याअलीकडे. मी एकदा म्हणालो, "हे काय, आपापलीच खा की." दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली निघून गेलो.

भिंत घातली त्या वर्षी, कुरडयांच्या दिवशी, मी कामावरच्या पहिल्या पाळीहून जरा लवकर सुटलो होतो. ऊन रणरणत होतं. घरात कुणी नाही, म्हणून जिना चढू लागलो. शेवटच्या वळणावर माझाच आवाज ऐकू आला. म्हणजे सुमनच्या तोंडून माझा आवाज.

"सुमन, गॅस बंद केला का? सुमन, शिलेंडरचा बंद केला का? सुमन, नळ टपकतोय का बघ. बघितला का? परत बघ!"

"आगं बास, पोट दुखाया लागलं माझं," विमलताई म्हणत होत्या. "आन् जेवताना कसं करत्यात, ते कर."

मग सुमननं घसा खाकरला आणि जड आवाजात म्हटलं, "हूं… मीठ."

बस, एवढंच. आणि दोघी अशा हसल्या की सोऱ्या खाली पडल्याचा आवाज झाला. ओळीतली आणखी कुणीतरी असावी, तीही हसत होती.

मी पाय न वाजवता खाली आलो. मला राग कशाचा आला होता? नक्कल अचूक होती याचा. जेवताना मी खरंच एवढंच बोलत असे. आणि दुसरं असं की, सुमनला इतकं हसता येतं हे मला माहीत नव्हतं. खाली, माझ्या घरात, ती कधी तशी हसली नव्हती. तेव्हा मला वाटलं, ती माझं काहीतरी वर नेऊन वाटून टाकते. आज वाटतं, जे खाली मावत नव्हतं ते ती वर नेत होती. पण आजच्या वाटण्याला काय अर्थ आहे.

उन्हाळा संपायच्या आत मी गवंडी आणला. विटा गच्चीवर चढू लागल्या तशी शंकररावांनी पायरीवरून विचारलं, "काय काढलं भाऊ?"

"मधे भिंत घेतोय."

"का हो?"

इथं खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की बायकांनी माझी नक्कल केली, मला लागलं. ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "सुमनचं म्हणणं आहे. रोजची ये-जा… तिला जरा मोकळं वाटत नाही. बायकांचं असतं काहीतरी."

"आसं व्हय," शंकरराव म्हणाले. त्यांनी चपला उचलल्या आणि आत गेले. त्यांचा चेहरा पडलेला मी बघितला.

वर सुमन विटांकडे बघत उभी होती. तिला मी म्हणालो, "शंकररावांना पुढंमागं वर खोली काढायची आहे. हद्द करून घेऊ म्हणाले. विमलताईंनाही रोजचं येणंजाणं नको झालंय."

"विमल म्हणली आसं?"

"मला काय माहीत. ते म्हणाले."

तिनं कठड्यावरचं फडकं उचललं. मग म्हणाली, "बरं."

मला वाटलं होतं, हे फार टिकणार नाही. दोन दिवसांत दोघी फाटकाशी भेटतील, बोलतील, आणि माझं खोटं उघडं पडेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ती लागलीच नाहीत. आमच्याकडे बाई शेजारणीच्या साडीची किंमत विचारते, सुनेला कितवा महिना हेही विचारते. पण 'तू मधे भिंत का घातलीस' असं विचारत नाही. जिनं घातली तिनं आधी बोलावं. आणि दोघींच्या हिशेबानं ती दुसरीनं घातली होती. दोघीही वाट बघत राहिल्या. माझं खोटं मला सांभाळावंही लागलं नाही; त्यांच्या स्वाभिमानानंच ते सांभाळलं.

पुढच्या चैत्रात सुमननं एकटीनं गहू भिजवले. एकटीनंच चीक शिजवायला घेतला. एका हातानं धार, एका हातानं हाटणं. मला त्या दिवशी सुट्टी होती. मी बैठकीच्या खोलीत पेपर वाचत होतो. तिनं बोलावलं नाही, मी गेलो नाही. चीक गुठळ्यांचा झाला. तरी तिनं त्यातला बरा भाग बघून वाटी भरली, दूध-साखर घातली, आणि विमलताईंच्या फाटकाच्या खांबावर नेऊन ठेवली. "विमल, वाटी ठेवलीय गं," असं मोठ्यानं म्हणाली आणि परत आली.

संध्याकाळी पायऱ्यांवर पाणी मारताना मी बघितलं, वाटी तिथंच होती. मुंग्यांची रांग खांबावरून वर गेली होती. सुमन गेली, वाटी घेऊन आली, माझ्यासमोरच नळाखाली धरली. घासून घासून धुतली. त्यानंतर आमच्या घरी कुरडया झाल्या नाहीत. बचत गटाच्या विकत आणतो. त्या पांढऱ्या शुभ्र असतात आणि तळल्यावर छान फुलतात.

आणि जेवताना मी पुढंही "हूं… मीठ" एवढंच म्हणत राहिलो. आता त्याची नक्कल करायला कुणी नव्हतं.

शंकरराव गेले. सांत्वनाला सगळी ओळ जमली. सुमन विमलताईंच्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. शंकरराव माझ्यावर विश्वास ठेवून, माझ्या बायकोला परकं समजून गेले. त्यांना आता काही सांगता येत नाही. मग विमलताईंचा मुलगा त्यांना शिरूरला घेऊन गेला. टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा सुमन वरच्या खिडकीत उभी होती आणि मी तिच्या मागं. टेम्पो वळला तशी ती म्हणाली, "गेली. सांगितलंसुद्धा न्हाई." तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर माझं तोंड होतं. तेव्हा बोलता आलं असतं.

ओळीत आता नवी माणसं आहेत. त्यांच्यातही हेच चालतं की सुमनकाकूंना शेजार सोसत नाही. म्हणून तर गच्चीला भिंत आहे. एका सुनेला मी हे दुसरीला सांगताना ऐकलं. ऐकून आत येऊन बातम्या लावल्या. हे सगळं इतकी वर्षं चाललं, आणि मला झोप लागत होती. हेही लिहायला हवं. मनाला टोचणी वगैरे उशिरा सुरू झाली. माणूस म्हातारा झाला की बायकोचं बोलणं जास्त ऐकू येतं, ऐकायला दुसरं काही नसतं म्हणून असेल. "उसकोच पाहिजे थी" हे मला ऐकू आलं ते असं.

दोन दिवसांनी डॉक्टरांचं निमित्त सांगून मी शिरूरची एसटी धरली. वाटेत न्हावरं लागलं. सुमनच्या भावाच्या रानाकडे बघितलं. कांदा काढून ढीग घातले होते, वर पात पसरली होती. या रानातले गहू पोत्यात भरून यायचे आणि पोत्याच्या तोंडाशी सुमनची आई गुळाची ढेप ठेवायची. पुढं ऊस, मग शिरूरची वस्ती, दुकानं, उंच इमारती. विमलताईंच्या मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. दार सुनेनं उघडलं. विमलताई खाली बसून लसूण सोलत होत्या. केस पूर्ण पांढरे.

"आगं बया, भाऊजी! एकलेच? सुमन कुठंय?"

"घरी."

"बरी हाय ना? खरं सांगा."

"बरी आहे. विमलताई, मला एक बोलायचं होतं."

बसलो आणि सांगितलं. जिना, नक्कल, शंकरराव, सुमन. त्या ऐकताना लसूण सोलत होत्या. मग हात थांबला.

"म्हंजी तिनं न्हाई सांगितलं भिंत घालाया?"

"नाही."

"आन् ती वाटी?"

"तिनं मनापासून ठेवली होती."

त्यांनी टरफलं एका बाजूला लोटली. "मी घरातच व्हते तवा," त्या म्हणाल्या. "तिचा आवाज ऐकला मी. म्हणलं, भिंत घालती आन् वर वाटी ठेवती, कशाला शिवू? खिडकीतनं मुंग्या चढताना बघितल्या मी, भाऊजी. बसून बघितल्या. तुम्ही माझ्याकडनं ते करून घेतलं."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"चुकलं म्हंता. ह्यांनी मरस्तवर सुमनचं नाव काढलं की त्वांड फिरवलं." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तिला सांगितलं का?"

"अजून नाही."

"मला सांगाया येवढ्या लांब एसटीनं आलात, आन् ती तर तुमच्या घरातच हाय की!"

सुनेला त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. मी चहा प्यायलो. त्या बाहेर आल्या नाहीत. सून दारापर्यंत आली, म्हणाली, "मामा, सावकाश जा, जिन्यात लाइट न्हाई."

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. सुमन पायऱ्यांवर बसून मेथी निवडत होती. तिनं विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?" मी तिच्या शेजारी बसलो. डॉक्टरांकडे गेलो नव्हतो, इथून सुरुवात केली. मग बाकीचं सांगितलं. वाटेत थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो.

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "का पण?" ती म्हणाली. "आसं काय केलं व्हतं मी?"

"तू माझी नक्कल करत होतीस. जिन्यातून ऐकली."

"कसली नक्कल?"

मी सांगितली. गॅस, नळ, मीठ. माझीच नक्कल मला तिच्यासमोर करून दाखवावी लागली. ती आठवायचा प्रयत्न करत होती, डोळे बारीक करून. तिला आठवेना. ज्या दुपारसाठी मी एवढं केलं, ती तिच्या लक्षातही नव्हती.

"आवो, मला म्हणायचं न्हाई का, नको करू म्हणून?" ती म्हणाली. "मी न्हाई केली आसती."

मी म्हणालो, "उद्या गवंडी आणतो. पाडून टाकतो भिंत."

"राहू द्या. पाडून पलीकडं कुणाला बघू?"

मग ती आत गेली. भाजी केली, भाकरी केली, मला वाढलं. मी पहिला घास घेतला. मीठ कमी होतं. मी म्हणालो, "भाजी चांगली झालीय." ती स्वतःचं ताट वाढत होती, तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "सकाळी मला शिरूरच्या गाडीत बसवून द्या. तुम्ही येऊ नका."

सकाळी स्टँडवर ती हातात एक पिशवी आणि अंगावर लग्नाकार्याला नेसते ती साडी अशी गाडीत चढली. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा राहून पत्ता सांगत होतो, कुठं उतरायचं, कुठल्या बाजूनं चालायचं, तिसरा मजला, जिन्यात दिवा नाही. ती म्हणाली, "इचारीन मी." गाडी सुटताना मी हात वर केला. ती समोर बघत होती.

दुपारी राहवेना म्हणून विमलताईंच्या सुनेला फोन लावला. पोहोचली का, एवढंच विचारायचं होतं.

"व्हय मामा, सकाळीच आल्यात," ती म्हणाली. "दोघी आत बसल्यात, दार लावून. आधी लय रडल्या. आता आवाज न्हाई. जेवायला हाक मारली तर म्हणल्या, थांब. बोलावू का त्यांना?"

मी म्हणालो, "नको. बसू दे."

संध्याकाळी पायऱ्यांवर पाणी मारलं आणि ओळीतली माणसं आपापल्या दारात येऊन बसली तसा एकेका दारात गेलो. पिंकीलाही सांगितलं, माझ्या हिंदीत. ती भिंत सुमननं मागितली नव्हती, विमलताईंनीही नाही, मी घातली. काहींनी मान हलवली, काहींना भिंतीचं काय एवढं ते कळलं नाही. टोकाच्या घरातली बाई म्हणाली, "आसूं द्या आप्पा, आता काय त्याचं." मी तिला म्हणालो, असू द्या नाही, हे लक्षात ठेवा, आणि कुणी सुमनचं नाव घेतलं तर माझं सांगा.

सुमन अजून शिरूरलाच आहे. कधी येणार, हे मी विचारलेलं नाही.